शेवटपर्यंत थांबलेले

१

लावा पैज, शेवट ओळखून दाखवा. गोष्टीत एक म्हातारा आहे आणि त्याच्या दोन पोरी आहेत. म्हातारा राहतो की जातो, एवढंच सांगायचं. आणि फारच हुशारी असेल तर हेही सांगा, की भुर्दंड शेवटी कोणाच्या डोक्यावर बसतो. मी मध्ये मध्ये डोळा मारीन, फसू नका. आजवर एकालाही जमलेलं नाही. जे जमलं म्हणाले, ते थापाडे होते.

थोरलीला सगळे भोंगा म्हणायचे. घरचेसुद्धा. रागवायची नाही, कारण कामच तसं होतं. हल्ली कार्यक्रम मांडवात होत नाहीत, पडद्यावर होतात. कोणी डॉक्टर दात कसे सांभाळायचे ते सांगतो, कोणी बाई कुंडीतल्या झाडांवर बोलते, आणि लोक आपापल्या घरी फोनमध्ये डोकं घालून ऐकतात. असल्या कार्यक्रमांचा गाजावाजा करायचा, हे भोंग्याचं काम. जाहिरात सोडायची, मेसेज धाडायचे, आदल्या दिवशी आठवण, त्या दिवशी पुन्हा आठवण. "येताय ना? नक्की ना? लिंक उघडतेय ना?" लग्नाच्या आमंत्रणाला कोणी इतका पिच्छा पुरवत नाही.

कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी रिपोर्ट. नावं किती जणांनी दिली, आले किती, टिकले किती. पहिल्या दोन आकड्यांना काही अर्थ नाही. फुकट म्हटलं की नाव सगळेच देतात. खरी मेख तिसऱ्यात. लोक येतात, जरा वेळ बसतात आणि मागच्या दारानं पसार होतात. म्हणून मालक रिपोर्ट उलटाच धरायचा. आधी बघायचा, शेवटपर्यंत थांबलेले किती. त्याला ऑफिसात टक्का म्हणायचे. बायकोची तब्येत कशी आहे विचारलं, तरी म्हणायचा, "मागच्या महिन्यापेक्षा बरी."

आणि लोक खरंच ऐकतायत की पडदा चालू ठेवून झोपलेत, हे पकडायची एक सोय होती. मध्येच पडद्यावर पाटी यायची, "आपण आहात का?" खाली एक बटण, त्यावर लिहिलेलं, "आहे". दाबलंत तर आत. नाही दाबलंत तर गुपचूप बाहेर. ही पाटी नीट लक्षात ठेवा. नाही ठेवलीत तरी चालेल म्हणा, ती तुम्हाला सोडणार नाही.

२

एक मोठी कंपनी टक्क्याला सगळं काम द्यायला निघाली होती. पण आधी चार कार्यक्रम करून दाखवा म्हणाली. टक्क्यानं भोंग्याला बोलावलं.

"भोंगाबाई, लोक टिकले तर तुम्ही टिकलात. नाहीतर हे टेबल मी रिकामं करतो. स्पष्ट सांगितलेलं बरं असतं ना?"

"फार बरं असतं, साहेब," भोंगा म्हणाली, आणि जिन्यात येऊन त्याला अशी शिवी दिली की खालच्या मजल्यावरच्या शिंप्यानं मान वर केली.

आता या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. सगळे करतात, कबूल कोणी करत नाही. त्याला म्हणायचं भरती. पडद्यावरचा हॉल ओस दिसू नये म्हणून घरच्यांना बसवायचं. सासू, मेव्हणा, शेजारीण, सगळे श्रोते. भोंग्याच्या घरात होते एकटे अप्पा, तिचे वडील. त्यांना आतल्या खोलीत जुन्या लॅपटॉपसमोर बसवलं.

आणि इथंच ती चुकली असं तुम्ही म्हणाल. कारण अप्पा म्हणजे बसायचा माणूसच नव्हे. जन्मभर पोस्टमन. पाय थांबले की त्यांना गुदमरायचं. कुठल्या समारंभाला शेवटपर्यंत थांबले असतील तर शपथ.

"अप्पा, तासभर बसा फक्त. पाटी आली की हे बटण दाबायचं."

"तासभर? अगं, माझ्या स्वतःच्या लग्नात मी मध्येच सटकलो होतो. तुझी आई दोन गल्ल्या शोधत आली."

"आई बिचारी."

"बिचारी कसली, कान धरून नेलं मला. बरं, विषय काय आहे?"

"दात."

"मला आहेत कुठं?"

तेवढ्यात धाकटी आली, पोरीला कडेवर घेऊन. ती दोन रस्ते पलीकडे राहायची. नवरा रंगाच्या दुकानात, पोर एवढीशी, तिला सगळे चिमणी म्हणत. धाकटी दारातच हसत सुटली. "ताई, अप्पांना बसवतेस? त्यापेक्षा पंख्याला सांग, फिरू नको म्हणून."

३

कार्यक्रम झाला. भोंगा बाहेरच्या खोलीत बसून तो चालवत होती. कोण आलं, कोण गेलं, कोणाला आत घ्यायचं, सगळं बघत. लोक नेहमीसारखे गळत गेले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. शेवटपर्यंत थांबलेल्यांत अप्पांचं नाव होतं. प्रत्येक पाटीला बटण दाबलेलं, एकही चुकवलेलं नाही.

भोंगा खूश. स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, "शाब्बास अप्पा. बसलात की."

"कुठं?"

"काल. लॅपटॉपसमोर."

अप्पांनी मान खाली घालून तिला टाळू दाखवली. केस ताजे कापलेले. "काल मी न्हाव्याकडे होतो. तुझा तो दातवाला 'नमस्कार' म्हणाला आणि मी मागच्या दारानं निघालो. रागावू नको, पुढच्या वेळी बसतो."

भोंग्यानं डोकं चालवलं. यंत्र आहे, अडकलं असेल. मागचं नाव पुढं ओढलं असेल. खिडकीतून मांजर येतं, त्याचा पाय पडला असेल. एकदा पडेल, दोनदा पडेल, दर पाटीला कसा पडेल? पण हा शेवटचा विचार तिनं पुरता केलाच नाही. एक आकडा वाढला होता, आणि वाढलेल्या आकड्याशी कोणी भांडण काढत नाही.

४

दुसरा कार्यक्रम दुपारचा होता. झाडं आणि कुंड्या. ऊन थेट फरशीवर आलेलं, रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. भुताखेताला यायला ही काय वेळ आहे? म्हणून तर कोणी घाबरलं नाही.

भोंगा बाहेरच्या खोलीत. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. पडद्यावर पाटी आली की आतून आवाज यायचा. टक्. त्या लॅपटॉपचं बटण सैल झालेलं, चांगलं खणखणीत वाजायचं. पाटी, टक्. पाटी, टक्. भोंगा मनात म्हणाली, बसलेत हो आज अप्पा, दिला शब्द पाळला.

मग पुढचं दार उघडलं आणि अप्पा आत आले. हातात भाजीची पिशवी, कपाळावर घाम.

"संपलं का गं? मी परत निघून गेलो. कुंडीतल्या झाडांना मी काय करू?"

तेवढ्यात पडद्यावर पाटी आली.

टक्.

बापानं पोरीकडं बघितलं, पोरीनं बापाकडं.

"धाकटी आलीय का?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग आत कोण आहे?"

भोंगा उठली, तिनं दार ढकललं. खोली रिकामी. पलंग, कपाट, खिडकी बंद. लॅपटॉप चालू, त्यात झाडांची बाई बोलत होती. खुर्ची मात्र टेबलाला खेटून आत सारलेली होती. अगदी आत. खुर्चीची पाठ टेबलाच्या कडेला टेकलेली. तेवढ्या फटीत माणूस सोडा, मांजराचा पायसुद्धा शिरला नसता.

अप्पांनी मागून डोकावून बघितलं आणि हसायचा प्रयत्न केला. "जो कोणी आहे, चांगला वाळलेला दिसतोय."

भोंगा हसली नाही. तिनं लॅपटॉपची वायर ओढून काढली, झाकण आपटलं, उशीखाली दाबून ठेवलं. बाहेर येऊन बसली. पडद्यावर अप्पांचं नाव तसंच होतं. पाटी आली. आतून काही वाजलं नाही. पण नावापुढं खूण उमटली. आहे.

५

ऑफिसात एक मशीनवाला होता. हॉल उघडणं, बंद करणं त्याच्याकडं. भोंगा त्याच्या टेबलापाशी गेली आणि उगाच इकडचं तिकडचं बोलून विचारलं.

"तुमचे अप्पा?" तो म्हणाला. "मॅडम, असा श्रोता मी बघितला नाही. कार्यक्रम संपतो, सगळे जातात, ते बसून असतात."

"मग तू हॉल बंद करतोस ना?"

"कोणी आत असताना हॉल बंद करायचा नाही, साहेबांचाच नियम आहे. एकदा कोणाला तरी बोलता बोलता तोडलं, केवढी तक्रार आली होती! तो हॉल चालूच आहे. दातांच्या कार्यक्रमापासून. झाडांचाही त्यातच झाला."

"चालूच? आत्ता?"

"आत्ता. हे बघा."

काळा पडदा. मध्ये काही नाही. कोपऱ्यात अप्पांचं नाव. भोंगा बघत असतानाच पाटी आली, आणि खूण उमटली.

"परवा त्यांनी प्रश्नसुद्धा लिहून पाठवला," मशीनवाला म्हणाला. "मी उत्तर दिलं नाही."

"काय विचारलं?"

"'आता उठू का?'"

भोंगा तशीच टक्क्याच्या खोलीत शिरली. सगळं सांगितलं नाही. सांगणार काय? एवढंच म्हणाली, "साहेब, वडिलांचं नाव काढून टाकते. तब्येत बरी नाही त्यांची."

टक्का रिपोर्ट बघत होता आणि त्याचा चेहरा लाडू मिळालेल्या पोरासारखा झाला होता. "वेड लागलं का? लोक सरासरी किती वेळ थांबले, हा आकडा बघा. त्या एका माणसानं आख्खा आकडा वर उचललाय. कंपनीवाले विचारतायत, तुम्ही करता तरी काय! दोनच कार्यक्रम राहिलेत. सही झाली की काढा. हवं तर हारबीर घालून काढा."

भोंगा गप्प राहिली. घरभाडं, अप्पांची औषधं, सगळं तिच्यावर. दोनच तर कार्यक्रम. तुम्हीही गप्पच राहिला असता, मला शहाणपण शिकवू नका.

६

तिसरा कार्यक्रम झाला, आणि अप्पा थांबायला लागले.

म्हणजे असं. भाजी आणायला निघायचे आणि उंबऱ्यात उभे राहायचे. एक पाय बाहेर, एक आत. भोंगा ऑफिसातून यायची तर तसेच. आधी वाटलं, वय झालं. डॉक्टरनं तपासलं, म्हणाला, छाती ठणठणीत आहे, आराम करू द्या. आराम! जन्मात ज्यानं चप्पल थंड होऊ दिली नाही, तो माणूस भिंतीकडं तोंड करून बसलेला असायचा.

मग भोंग्याला बोट दिसलं.

जेवताना अप्पांचा उजवा हात ताटाशेजारी होता. मधूनच त्यांचं बोट वर व्हायचं आणि ताटाची कड दाबायचं. थोड्या वेळानं पुन्हा. घास तोंडात असला तरी. झोपेत पलंगाच्या लाकडावर. अंघोळीला गेले तर बादलीवर.

"अप्पा, हे काय करताय?"

"आहे," अप्पा म्हणाले.

"काय आहे?"

"आहे."

"चहा टाकू?"

"आहे."

धाकटीनं ते ऐकलं आणि आधी तिला हसू आलं. "अप्पा, आणि जावई कसा आहे तुमचा?" "आहे." "गाढव आहे ना?" "आहे." ती हसली, चिमणी हसली. मग धाकटीनं त्यांचं बोट बघितलं आणि पोरीला छातीशी ओढून घेतलं.

"ताई, हे अप्पा नाहीत गं."

"मग कोण आहेत?"

"अप्पाच आहेत," धाकटी म्हणाली. "पण सगळे नाहीत."

भोंग्यानं मग तिला सांगून टाकलं. पहिल्यापासून. धाकटी रडली नाही, शिव्या दिल्या. टक्क्याला, मशीनवाल्याला, ताईला. मग दम घेऊन म्हणाली, "काढ त्यांना तिथून. उद्याच. मी अप्पांना माझ्या घरी नेते, माझ्या नजरेसमोर ठेवते. तू काढ."

७

शेवटचा कार्यक्रम सकाळचा. विषय काय होता ते भोंग्याला नंतर कधी आठवलं नाही. टक्का आणि कंपनीवाले आपापल्या जागेवरून बघत होते. भोंगा घरी, बाहेरच्या खोलीत एकटी. आतल्या खोलीला कुलूप. लॅपटॉप तर तिनं आदल्या दिवशीच भंगारवाल्याला देऊन टाकला होता.

फोन कानाला. पलीकडे धाकटी.

"कसे आहेत?"

"बसलेत माझ्यासमोर. बोट चालूच आहे."

कार्यक्रम चालवणाऱ्याला एक सोय असते. आतल्या कोणालाही विचारता येतं, तुमचा कॅमेरा चालू कराल का? समोरच्यानं हो म्हटलं तरच खिडकी उघडते. नाव काढायच्या आधी भोंग्यानं ते बटण दाबलं. का दाबलं? काढण्याआधी बघून घ्यावं वाटलं, की काढतोय कोणाला.

समोरच्यानं हो म्हटलं.

खिडकी उघडली. तिच्या घरातली आतली खोली होती. कुलूप लावलेली. तोच पलंग, तेच कपाट. ऊन मात्र नव्हतं, आणि भिंत होती त्यापेक्षा फार लांब होती. आणि अगदी जवळ, काचेला नाक लागेल इतक्या जवळ, अप्पा. न्हाव्यानं कापलेले केस तेवढेच, जराही वाढलेले नव्हते. ते पडद्याकडं बघत नव्हते. दाराकडं बघत होते. उठायच्या बेतात असलेला माणूस बघतो तसे. खांदे उचललेले, हात टेबलाला रेटलेले. आणि त्यांच्या मागं कोणीतरी खुर्ची आत दाबून धरली होती. कोण ते दिसलं नाही. खुर्चीच्या पाठीवर टेकलेली बोटं तेवढी दिसली. एका हाताला असावीत त्यापेक्षा जास्त होती.

पाटी आली. अप्पांचं बोट त्यांच्याकडून कोणीतरी दाबून घ्यावं तसं खाली गेलं.

"ताई," फोनवर धाकटी म्हणाली, "अप्पांच्या डोळ्यातून पाणी येतंय गं. चेहरा तसाच आहे, नुसतं पाणी."

भोंग्यानं 'बाहेर काढा' दाबलं.

खिडकी गेली. नाव गेलं. क्षणभर तिला वाटलं, सुटले.

"ताई! ताई, अप्पा पडले! श्वास घेत नाहीयेत! ताई, काय केलंस? अप्पा! अप्पा!"

मागं चिमणी किंचाळत होती. आणि पडद्यावर एक छोटी पाटी आली होती, नेहमीची, साधी, रोज दिसणारी. एक जण दाराशी थांबला आहे. आत घ्यायचं?

मी तुम्हाला विचारतो, तुम्ही काय दाबलं असतं?

भोंग्यानं दाबलं. नाव परत आलं. फोनवर आधी काहीच नाही, मग एक लांब, खोल, घशातून ओढलेला आवाज, आणि धाकटीचं रडणं.

"घेतला. घेतला श्वास. ताई, आता हात लावू नको. देवाच्यान् हात लावू नको."

८

कंपनीनं सही केली. टक्क्यानं भोंग्याला नोकरीत कायम केलं, पेढे वाटले. रिपोर्टमधला आकडा त्यानं चौकटीत लावून भिंतीवर टांगला म्हणतात.

अप्पा जिवंत आहेत. जेवतात, झोपतात, बोट हलतं. काहीही विचारा, उत्तर "आहे".

फक्त एक गोष्ट मशीनवाल्यानं नंतर सांगितली. हॉल चालू राहायचा तर चालवणारा कोणीतरी आत लागतो. आणि आता पाटी त्या चालवणाऱ्यालाही येते. पूर्वी येत नव्हती. चालवणाऱ्यानं नाही दाबलं तर हॉल आपोआप बंद होतो, आतल्यासकट. मशीनवाला नोकरी सोडून गेला, कुठं ते कोणाला ठाऊक नाही.

म्हणून भोंगा बसली. पहिले काही दिवस एकटीच. दोन पाट्यांमध्ये डुलकी काढायची, दोन पाट्यांमध्ये घास गिळायचा. एकदा डोळा लागला तर तिकडं अप्पा निळे पडलेले, धाकटी धावत आली आणि तिनं ताईचं बोट धरून बटणावर आपटलं. तेव्हा धाकटी म्हणाली, "तू झोप. दिवसा मी बसते."

दिवसा म्हणता म्हणता ती तिथंच राहायला लागली. अप्पांना परत इकडं आणलं. नवरा न्यायला आला, गोड बोलला. पुन्हा आला, भांडला. "म्हाताऱ्यासाठी कोणी असं करतं का? एक ना एक दिवस जाणारच ना ते!" धाकटीनं पडद्यावरून नजर काढली नाही. त्याला दाखवावं तर काय दाखवणार, काळा पडदा आणि एक नाव.

एकदा तिनं ताईला झोपेतून उठवून विचारलं, "काढून टाकू या का गं? त्यांचेही हाल, आपलेही." भोंग्याचं बोट पुढं झालं. तेवढ्यात कुलूप लावलेल्या खोलीतून आवाज आला. कोणीतरी खुर्ची मागं सारायला बघतंय, आणि ती सरकत नाहीये. भोंग्यानं बोट मागं घेतलं. त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही.

धाकटीचा नवरा शेवटी एका सकाळी आला. चिमणी त्याचं बोट धरून होती. या खेपेला भांडला नाही. दारातूनच म्हणाला, तो पोरीला घेऊन आईकडं निघालाय, लांब, कायमचा. चिमणीचे इथले कपडे तेवढे दे.

"आई," चिमणी म्हणाली.

धाकटी अर्धी उठली. मग खाली बसली. पाटी यायची वेळ झाली होती.

त्यानंच बाहेरचं कपाट उघडून कपडे घेतले.